इंदूबाईचं सावधान

इंदूबाई मेश्राम भट्टीपुढे उभी राहिली की लष्करीबागेतल्या त्या गल्लीत नवीन आलेल्या माणसाला वाटायचं, कोणी मोठा अधिकारी येणार आहे आणि ही बाई त्याच्यासाठी उभी आहे. टाचा जुळलेल्या, गुडघे मागे ताणलेले, छाती पुढे, हनुवटी वर. समोर मात्र कमरेइतक्या उंचीची वीटमातीची भट्टी, तिच्यावर पालथी घातलेली दोन मडकी, आणि बाजूला परातीत पातळ भिजवलेली कणीक. गल्लीतली पोरं तिला इन्स्पेक्टरबाई म्हणायची. तिच्या कानावर ते आलं होतं. तिनं पोरांना कधी रागावलं नाही, कारण नाव तिला आवडलं होतं.

नागपुरात तिच्या रोटीला लंबी रोटी म्हणतात. तिला लाटणं लागत नाही, पोळपाट लागत नाही. कणीक अशी सैल की उचलली तर बोटांतून ओघळावी. ती या हातावरून त्या हातावर झेलत न्यायची, झेलता झेलता ती कोपरापर्यंत उतरते, ओढणीसारखी पातळ होते, आणि मग एका झोक्यात तापल्या मडक्याच्या पाठीवर पसरायची. पाव मिनिटात फोड येतात. घडी करून डब्यात. इंदूबाई हे काम सासूकडून शिकली, लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी. नवरा गेल्यावर अश्विनचं इंजिनियरिंग याच मडक्यांवर झालं. आता अश्विन मिहानमधल्या एका कंपनीत होता, सून भावना शाळेत शिकवत होती, आणि घरात कोणाला या रोट्यांची गरज राहिली नव्हती. पण रविवारी सकाळी अकरापासून लोक डबे घेऊन रांगेत उभे राहायचे. एखाद्या रविवारी भट्टी पेटली नाही तर सोमवारी चार जण दारात येऊन विचारायचे, बाई बरी आहे ना.

तिचं ते उभं राहणं तिच्या वडिलांचं होतं. धोंडबा कन्हानजवळच्या कोळशाच्या खाणीत भराईचं काम करायचे. छप्पन साली ते एकोणीस वर्षांचे होते. कन्हानहून पायी नागपूरला आले, दीक्षा घेतली आणि पायीच परत गेले. त्या दिवसापासून मान खाली घालून कोणाशी बोलायचं नाही हा त्यांचा नियम. पुढे ते समता सैनिक दलात जाऊ लागले आणि तिथली कवायत त्यांनी हौसेनं घरी आणली. सकाळच्या पाळीला निघण्याआधी ते चारी पोरांना अंगणात रांगेत उभं करायचे. "सावधान!" म्हणायचे आणि एकेकाच्या पाठीशी लाठी उभी धरून बघायचे. डोकं, पाठ, टाच, तिन्ही लाठीला लागलं पाहिजे. इंदू सगळ्यांत धाकटी आणि सगळ्यांत ताठ. कधी खाणीचा भोंगा मध्येच वाजायचा आणि धोंडबा "विश्राम" म्हणायचं विसरून निघून जायचे. ते फाटकाबाहेर पडले की तिघं मोठी भावंडं पळायची. इंदू तशीच उभी. शेवटी आई चुलीपुढून ओरडायची, "इंदे, गेला वं तुहा बाप. ये, चहा पी."

पाठ दुखायला लागली ती दोन हिवाळ्यांपूर्वी. परात उचलायला वाकली आणि कमरेत कोणी कात्रीचं टोक टेकवल्यासारखं झालं. चार दिवसांत जाईल म्हणून तिनं तीळतेल चोळलं, तापल्या विटेचा शेक घेतला. गेलं नाही. मग भावना तिला धंतोलीत हाडांच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. सकाळी नऊला नंबर लावला आणि दुपारी दीडला आत बोलावलं. बाहेर बाकावर यवतमाळची, वणीची, गडचिरोलीची माणसं जेवणाचे डबे घेऊन बसली होती. पाठीचे फोटो काढून झाले. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशनचं काही काम नाही, मणके वयाप्रमाणे झिजलेत, कमरेला पट्टा लावा, ताठ बसत जा आणि फिजिओथेरपी सुरू करा.

यातलं "ताठ बसत जा" एवढंच इंदूबाईनं घरी आणलं.

"हे तं मले येतेच," ती म्हणाली. "याच्यासाठी धंतोलीले काहून जाव लागते?"

दुसऱ्या दिवसापासून तिनं पहाटे अंगणातल्या भिंतीशी पंधरा मिनिटं सावधानमध्ये उभं राहायला सुरुवात केली. पट्टा आवळून. भावना दात घासता घासता दारात यायची.

"आई, डॉक्टरनं व्यायाम सांगितला. परेड नाही सांगितली."

"हाच व्यायाम हाये. माह्या बापानं सत्तर साली सांगितला."

वर्षभर तिनं हे केलं. पाठ दुखली की आणखी ताठ व्हायची. ताठ झाली की आणखी दुखायची. आणि दुखतं हे कोणाला कळू नये म्हणून पुन्हा ताठ. दिवसाला दुखण्याची एक गोळी होती, तिच्या दोन झाल्या. पट्टा साडीवरून दिसायला लागला तशी ती वर जुना स्वेटर घालू लागली, एप्रिलमध्येसुद्धा.

मग रोट्या फाटायला लागल्या.

लंबी रोटीचं असं आहे की हात सैल असेल तरच ती लांबते. खांदा आवळला की कोपर आवळतं, कोपर आवळलं की मनगट, आणि कणकेला ते लगेच कळतं. एका रविवारी वीस रोट्यांपैकी सहा फाटल्या. रांगेत सगळ्यात पुढे गल्लीतला गिरिधर होता, चौदा वर्षांपासूनचं गिऱ्हाईक. त्यानं डबा उघडून बघितला.

"काय वं बाई, आज रोटीले खिडक्या काहून ठेवल्या? मटनाले हवा लागावी म्हणून काय?"

रांग हसली. इंदूबाईही हसली. आत जाऊन तिनं पाणी प्यायलं, गोळी घेतली आणि परत येऊन उभी राहिली, आधीपेक्षा ताठ. पुढच्या दहांतल्या चार फाटल्या.

अश्विननं हे खिडकीतून पाहिलं. त्यानं मिहानच्या बाजूला फ्लॅट घेतला होता, नववा मजला, जानेवारीत ताबा. त्या दुपारी जेवताना त्यानं विषय काढला.

"आई, आता बस झालं. तिकडं लिफ्ट आहे, बाग आहे, तुझ्यासाठी वेगळी खोली आहे."

"आन् भट्टी?"

"नवव्या मजल्यावर लाकडं कोण पेटवू देते?"

"मंग मी इथंच."

"पाठीनं राहू देलं तर राहशील ना! दोन दोन गोळ्या खाऊन राहिली तू. मले दिसत नाही का?"

इंदूबाईनं भात कालवला आणि तशीच बसून राहिली. भावनाच मध्ये बोलली. डिसेंबरपर्यंत बघू. डिसेंबरमधला एक रविवार, पूर्ण ऑर्डर, गोळी न घेता. जमलं तर भट्टी राहील आणि आई इथे राहील. खालची खोली तिची, अश्विन पुन्हा हा विषय काढणार नाही. नाही जमलं तर मडकी कोणाला तरी देऊन टाकायची.

"पक्कं?" अश्विननं विचारलं.

"पक्कं," इंदूबाई म्हणाली. तिला वाटलं, तीन महिन्यांत आणखी थोडं ताठ राहिलं की झालं.

फिजिओथेरपीला ती गेली ती केवळ या सौद्यापायी. धंतोलीतच पहिल्या मजल्यावर तीन पलंगांचं क्लिनिक होतं. ते चालवणारी नूपुर तिशीची, महाल भागातल्या जुन्या घरची, बोलायला चटपटीत. शेजारच्या पलंगावर एक बाई गुडघ्याला शेक घेत पडली होती.

"उभ्या राहा बरं, नेहमी राहता तशा," नूपुर म्हणाली.

इंदूबाई उभी राहिली. नूपुरनं तिच्याभोवती एक फेरी मारली.

"नेहमीसारख्या म्हटलं मी. फोटो नाही काढायचा आपल्याला."

"हे नेहमीचंच हाये."

नूपुरनं कमरेवर हात ठेवला आणि उचलला. "बापरे, लाकूड झालंय हे. गुडघे थोडे सैल सोडा. छाती जरा खाली येऊ द्या. मान थोडी खाली."

"मान खाली?"

"थोडीशीच, मावशी. तुम्हाला सवय लागलीय ना—" मग ती शेजारच्या पलंगाकडे वळून म्हणाली, "काकू, दोन मिनिटं, आलेच हं."

इंदूबाईनं खुर्चीवरचा पट्टा उचलला आणि कमरेला लावायला घेतला.

"मॅडम, एक विचारू? त्या बाईले तुम्ही काकू म्हणून राहिल्या. मले मावशी. दोघी एकाच वयाच्या दिसतो. काहून?"

नूपुरचे कान लाल झाले. शेजारची बाई छताकडे बघू लागली.

"आन् मान खाली घालाले आमच्या बापानं शिकवलं नाही," इंदूबाई म्हणाली आणि जिन्याकडे निघाली. भावना पर्स गोळा करत मागून धावली.

जिन्यात नूपुरनं त्यांना गाठलं. तिला धाप लागली होती. "काकू, चुकलं माझं. खरंच चुकलं. आणि मान खाली घाला असं नव्हतं म्हणायचं मला. नीट सांगता नाही आलं." मग तिनं घाईघाईत सांगितलं: घरी जमिनीवर पाठीवर पडायचं. पाय जमिनीवर, गुडघे वर. डोक्याखाली जाडसं पुस्तक. पंधरा मिनिटं. काही करायचं नाही, पाठ दाबायची नाही, सरळ करायची नाही. जमीन कुठे कुठे लागते आणि कुठे लागत नाही एवढं फक्त बघायचं.

"काहीच कराचं नाही, त्याले व्यायाम म्हणतात?"

"करून बघा. जमलं तर या परत."

ऑटोत भावना म्हणाली, "पोरगी चांगली आहे, आई. मागं आली ती."

"चांगली हाये. पण कोनाले काकू म्हणाव आन् कोनाले मावशी, हे तिले कोनं शिकवलं, ते इचार."

घरी पहिली अडचण पुस्तकाची आली. घरातली जाड पुस्तकं सगळी बाबासाहेबांची. त्यांच्यावर डोकं ठेवायचं हे भावनाच्याही मनात येईना. तिनं शाळेतून एक जुना शब्दकोश आणला. इंदूबाई त्यावर डोकं ठेवून आडवी झाली आणि दोन मिनिटांत उठून बसली.

"मेल्यासारखं वाटते. दार उघडं हाये, कोनी आलं तं काय म्हणन? बाई दिवसाढवळ्या लोळून राहिली."

शब्दकोश परत शाळेत गेला. ऑक्टोबर गेला. सकाळचं सावधान चालू राहिलं.

नोव्हेंबरात ती कन्हानला गेली. धोंडबांची धाकटी बहीण, रुखमाबाई, चौऱ्याऐंशी वर्षांची, मोतीबिंदूचं ऑपरेशन करून घरी आली होती. इंदूबाईनं आत्यासाठी आठ रोट्या बांधून नेल्या. बसमध्ये पाऊण तास ती सीटला पाठ न लावता बसली. उतरताना दांडा धरून क्षणभर थांबावं लागलं. कंडक्टर म्हणाला, "आरामात, माय." तिला राग आला.

आत्या खाटेवर बसली होती, डोळ्याला हिरवा चष्मा. इंदूबाई समोरच्या बाजेवर बसली.

"दिसते काय आता, आत्या?"

"दिसून राहिलं ना. म्हणून तं इचारून राहिली. तू अशी काहून बसली वं? कोनी साहेब येनार हाये काय तपासनीले?"

"मी अशीच बसते."

"भावना फोनवर म्हणे, पाठ दुखते."

"दुखते थोडीशी."

"मंग टेक ना भितीले. भीत का कोनाच्या बापाची हाये?"

"बाबा कधी टेकले काय?" इंदूबाई म्हणाली. "मी तं कधी पाह्यलं नाही."

आत्याला हसू आलं. तोंडात दात नव्हते, त्यामुळे ते हसू बराच वेळ चाललं. आत्याची सून मोरीतून डोकावून गेली.

"तुहा बाप," आत्या म्हणाली. "चार फूट उंचीच्या बोगद्यात आठ घंटे वाकून टोपले भरे तो. वर आला का अंग झटके, मंग ताठ. साहेबाच्या टेबलासमोरून ताठ चाले. वस्तीतून ताठ चाले. घरी ये, तुमाले भायेर खेळाले धाडे, आन् दार लावून घे. मंग काय करे, माहीत हाये?"

"काय?"

"जमिनीवर उताना पडे. गुडघे वर. डोक्याखाली वीट, तिच्यावर धोतराची घडी. घंटाभर. झोपे नाही, डोळे उघडे. मी चहा घेऊन गेली तं बोट हलवे, ठेव म्हणून. तुही माय म्हणे, याचं अंग उतरून राहिलं, बोलू नोको."

बंद दार इंदूबाईला आठवत होतं. निळ्या रंगाचं, खालून उंदरानं कुरतडलेलं. बाबा आले की दार बंद व्हायचं आणि पोरं लिंबाखाली खेळायची. आत बाबा हिशेबाचं काही वाचत असतील असं तिला वाटायचं.

"आमाले काहून नाही सांगितलं?"

"पोरायनं बापाले आडवा पाहू नाही, असं त्याच्या मनात. मी म्हटलं एकदा, दादा, उघडं ठेव दार, हवा येते. तं म्हणे, नाही, पोरगी पायते." आत्यानं चष्मा सारखा केला. "तुह्यासाठीच म्हणे. तू लय पाहे त्याच्याकडं."

थोड्या वेळानं ती पुन्हा म्हणाली, "कवायत किती घ्याचा तो? अर्धा घंटा. आन् तू किती वर्ष झाले करून राहिली? विश्राम म्हटलं नाही काय तुले कोनं?"

"कधी कधी इसरून जायचे," इंदूबाई म्हणाली.

"मंग घे, मी म्हणते." आत्यानं आवाज चढवला. तिच्या आवाजात जोर राहिला नव्हता, तरी अंगणातली कोंबडी बाजूला झाली. "विश्राम!"

इंदूबाईला हसायला आलं. हसता हसता ती मागे झाली आणि भिंतीला टेकली. टेकल्याबरोबर पाठीत कळ आली, आधीपेक्षा जास्त. पण ती उठली नाही. आठातल्या दोन रोट्या आत्याला दुधात कुस्करून देईपर्यंत टेकूनच होती.

घरी येऊन तिनं अंगणातल्या भिंतीची एक सुटी वीट धुतली, वाळवली, जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळली आणि खालच्या खोलीत ठेवली. दार लावून घेतलं. पडली.

पहिले काही दिवस तिला फक्त खाज जाणवायची, कुकरच्या शिट्ट्या मोजल्या जायच्या, भाजी कोणती करायची ते डोक्यात यायचं. मग हळूहळू एकेक गोष्ट लक्षात येऊ लागली. कमरेखालून हात सहज जाईल एवढी पोकळी होती. डावा खांदा जमिनीला टेकतच नव्हता. दात एकमेकांवर घट्ट होते, आणि ते तसे आहेत हे कळलं की आपोआप सुटायचे. पायाची बोटं फरशी धरून ठेवायची, जणू फरशी पळून जाणार आहे. सगळ्यात नवल तिला फाटकाच्या कडीचं वाटलं. बाहेर कडी वाजली की कोण आलं ते कळायच्या आधीच तिचं पोट आत जायचं, छाती वर यायची, मान ताणली जायची. आडवी असताना, बंद खोलीत, जिथे तिला कोणी बघत नव्हतं. दूधवाल्यासाठीसुद्धा.

तिनं ते भावनाला सांगितलं. भावना म्हणाली, "आई, मले तर शाळेची घंटा वाजली की असंच होते. बघते आता."

सकाळचं सावधान तिनं बंद केलं नाही. आधी पंधरा मिनिटं होतं ते पाच मिनिटांवर आणलं, आणि ते झालं की स्वतःच तोंडानं विश्राम म्हणायची. पुटपुटून. नंतर नंतर जरा मोठ्यानं.

ती नूपुरकडे परत गेली. नूपुरनं या वेळी तिला काय म्हणायचं याचा आधीच विचार करून ठेवलेला दिसत होता. "या, इंदूताई," ती म्हणाली. इंदूबाईनं मान हलवली, हे चालेल. नूपुरनं तिला उभं केलं, एक बोट मानेमागे आणि एक कमरेवर, इतकं हलकं की ठेवलंय की नाही कळू नये.

"मान खाली नाही करायची. तुमची मान वरच राहणार आहे. ती आपोआप वर राहते, ताई. तुम्ही तिला वर्षानुवर्षं धरून ठेवलंय, एवढंच. धरू नका. बघा पडते का."

इंदूबाईनं धरणं सोडलं. थोडंसंच, पुन्हा धरलं, पुन्हा सोडलं. मान पडली नाही. उलट एक बोट वर गेल्यासारखी वाटली. गुडघ्यांत थोडा लोच आला. श्वास पट्ट्याच्या खालपर्यंत गेला, बऱ्याच दिवसांनी.

"पट्टा?" तिनं विचारलं.

"हळूहळू कमी करू. आधी तासभर."

पाठ एकदम बरी झाली नाही. थंडीच्या दिवसांत सकाळी दुखायचीच. बुधवारी बरं वाटायचं आणि शुक्रवारी पुन्हा कात्री. पण दोन गोळ्यांची एक झाली, मग एक दिवसाआड. भट्टीपुढे ती टाचा जुळवायची, लक्षात आलं की एक पाय पुढे सरकवायची. गिरिधर म्हणाला, "बाई, आता जरा शिपायासारख्या दिसून राहिल्या. इन्स्पेक्टरची डिमोशन झाली काय?"

"पेन्शन झाली," इंदूबाई म्हणाली.

डिसेंबरचा तिसरा रविवार ठरला. पासष्ट रोट्या. अश्विन अकराच्या आधीच बाहेर प्लॅस्टिकच्या खुर्चीवर येऊन बसला, हातात मोबाइल, नजर आईवर. गोळ्यांची पट्टी त्यानं स्वतःच्या खिशात ठेवली होती. कणीक भावनानं मळली, पण पाणी किती ते इंदूबाईनंच सांगितलं. पट्टा नव्हता. स्वेटरही नव्हता.

पहिल्या वीस झरझर झाल्या. एकही फाटली नाही. रांगेतले लोक इकडच्या तिकडच्या गोष्टी करत होते. तीसनंतर कंबर आवळू लागली. तिनं गुडघे मोकळे केले, खांदे सोडले, दात सोडले. पस्तिसावीपर्यंत चाललं. अडतिसावी कोपराजवळ फाटली. एकोणचाळिसावी मडक्यावर टाकताना दुमडली. अश्विननं मोबाइल खाली ठेवला.

इंदूबाईला आता काय होणार ते नीट माहीत होतं. अंग आपोआप सावधान होणार, दुखणं दाताखाली धरून ती आणखी दहा रोट्या ओढणार, त्यांतल्या निम्म्या फाटणार. मग अश्विन उठून आत जाईल, आणि जानेवारीत मडकी कोणाच्या तरी घरी जातील. दुसरं एक करता येत होतं. त्यासाठी दार लावावं लागलं असतं. पण दार लावून आत जाऊन बसली तर रांगेला वाटलं असतं बाई संपली, आणि अश्विनलाही.

तिनं हात पाण्यात बुडवले, पदराला पुसले.

"भावना, जाळ कमी कर. मडकं लय तापू नोको देऊ."

खालच्या खोलीतून वीट आणली आणि उंबऱ्याच्या आतच, रस्त्यावरून सगळं दिसेल अशा जागी, जमिनीवर पाठीवर पडली. गुडघे वर, साडी पायांत नीट खोचलेली, डोक्याखाली वीट. दार सताड उघडं.

अश्विन अर्धा उठला. मागून कोणीतरी विचारलं, "काय झालं वं? चक्कर आली काय बाईले?"

गिरिधर पुढे वाकला. "इन्स्पेक्टरबाई, आडव्या काहून झाल्या?"

"विश्राम सुरू हाये," इंदूबाई छताकडे बघत म्हणाली. "दहा मिनिट. ज्याले घाई असन त्यानं हाटेलातून तवा रोटी न्यावं."

"अन् आमी?"

"तुमी बी करा. उभे काहून हात बांधून?"

कोणीतरी हसलं. एका म्हाताऱ्यानं खरंच भिंतीला पाठ टेकवली आणि डबा पायाशी ठेवला. अश्विन पुन्हा खुर्चीत बसला. आईला त्यानं असं आडवं कधी पाहिलं नव्हतं, तापातसुद्धा ती उशीला टेकून बसायची. तो बघत राहिला. सुरुवातीला तिचं पोट श्वासाला हललंही नाही. मग हललं. डावा खांदा, जो वर होता, तो हळूहळू जमिनीला लागला. रस्त्यावरून एक मोटारसायकल हॉर्न वाजवत गेली. तिचे पाय ताणले गेले नाहीत.

दहाऐवजी बारा मिनिटं झाली. ती कुशीवर वळून उठली, नूपुरनं शिकवलं होतं तशी, हातावर भार देत. वीट जागेवर ठेवली. मडक्यावर पाण्याचे थेंब टाकून पाहिले. आणि पहिला गोळा हातावर घेतला.

उरलेल्या सव्वीस रोट्यांत एकच फाटली. ती कोणाच्या डब्यात टाकायची नव्हती. अश्विननं खुर्चीतूनच हात पुढे केला.

"दे इकडे."

त्यानं ती उभ्या उभ्या, कशाशीही न लावता खाल्ली. खाऊन झाल्यावर खिशातली गोळ्यांची पट्टी काढून खिडकीत ठेवली.

"लाकडं कमी आहेत, आई," तो म्हणाला. "पुढच्या रविवारसाठी आजच सांगून ठेवतो."